सतरंजीवर कोण बसलंय?

बाजार समितीच्या लिलावाचं सॉफ्टवेअर चालवणाऱ्या आमच्या ऑफिसात डेटाबेस सांभाळणारे अण्णा मूळचे मैंदर्गी गावचे. चालू टेबलात, म्हणजे वापरात असलेल्या माहितीच्या तक्त्यात, कुणी नवा रकाना घालायला निघालं, की ते खुर्चीसकट वळतात. "आदी सांग, कुनाकुनाला अडवनार हाय?"

आणि लगेच त्यांची सतरंजी निघते. "टेबल म्हंजे सतरंजी. रकाना घालायचा म्हंजे ती झटकायची. वर एक जन जरी बसला असला, तर झटकता येत न्हाय. आनि तू टोक धरून हुबा ऱ्हायलास, की नव्या मानसाला बसताबी येत न्हाय. सगळं खोळंबतंय की!" हे ऐकल्याशिवाय टेबलाला हात लावायची सोय नाही.

परवा भर लिलावात कांद्याच्या अडत्यांचे स्क्रीन थिजले. नवा रकाना अण्णांनीच घालायला घेतला होता, "पापनी लवायच्या आत हुतंय" म्हणून. बाजारातून फोनवर फोन येऊ लागले. अण्णा माझ्यावर ओरडले, "वर कोन बसलंय बग आनि उटीव त्याला!"

मी शोधलं. त्या सकाळी आम्हाला लॉक कसं लागतं, म्हणजे एकाच्या कामामुळे टेबल कसं अडून राहतं, ते दाखवायला अण्णांनी त्याच टेबलावर एक ट्रान्झॅक्शन, म्हणजे एक व्यवहार, उघडलं होतं. दाखवण्याच्या भरात ते मिटवायचं राहिलं होतं.

"अण्णा, वर तुम्हीच बसलाय."

त्यांनी ते मिटवलं. क्षणात रकाना घातला गेला, लिलाव पुढं सरकला. मग अण्णांनी खुर्ची वळवली आणि आम्हालाच सुनावलं, "बगितलं? सकाळी नुसतं सांगून कळत नव्हतं की तुमाला!"