रुईची म्हातारी आणि लोणच्याच्या बरण्या

दुपारी खिडकीतून रुईची म्हातारी तरंगत आत आली आणि लोणच्याच्या बरण्यांवरून फिरत राहिली. बरण्या दुकानांत पोचवायचं काम बाहेरच्या कंपनीला द्यायचं का, हे मला आजच ठरवायचं होतं. घरातली पहिली पदवीधर मी, म्हणून निर्णय माझा. आणि त्याचा मला अभिमान आहे. पण टेम्पो आजवर बाबांनी चालवला, आणि आता त्यांचा गुडघा क्लच दाबू देत नाही.

"परक्याच्या हाती बरण्या? हेच शिकलीस कॉलेजात?" बाबा म्हणाले.

मी म्हातारीकडेच बघत होते. रुई जागची हलत नाही. आपलं बी ती खुशाल वाऱ्याच्या हवाली करते. मात्र त्याआधी प्रत्येक बीला रेशमाचा झुबका स्वतः लावते. मग ते कुठल्या तरी अनोळखी बांधावर उगवतं, आणि तिथंही रुईच असतं.

"बाबा, गाडी त्यांची. पण बरण्यांभोवती पेंढा तुम्हीच भरायचा."

म्हातारी तळहातावर अलगद झेलून बाबांनी ती खिडकीबाहेर फुंकली. दिसेनाशी होईपर्यंत आम्ही दोघं बघत राहिलो.

"पेंढा कोरडा आण हं," ते म्हणाले.