सात जन्मांच्या बदल्यात

सुमनशी माझं शेवटचं बोलणं झालं ते परभणीच्या दवाखान्यात, आयसीयूच्या दारात. स्ट्रेचर आत न्यायच्या आधी तिनं खुणेनं सगळ्यांना थांबवलं आणि मला जवळ बोलावलं. "भिऊ नका," ती म्हणाली, "मी म्होरं जाते, तुमी मागून या. तिथं गाठ पडतीच की आपली." मी मान हलवली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली, आणि खरं सांगतो, मी फारसा रडलो नाही. नातेवाइकांना ते खटकलं असावं. पण बायको आधीच्या गाडीनं गेली आणि आपण नंतरच्या गाडीनं जाणार, यात छाती पिटण्यासारखं काय आहे, असं मी समजत होतो... आता दोन महिने होत आले आणि मी तिच्यावर रागावलेलो आहे. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच लिहावं म्हणतात. जमेल तेवढं लिहितो.

येलदरी धरणाच्या वीजघरात मी ऑपरेटर होतो. सुमन गंगाखेडकडच्या शेतकरी घरातली, देवाधर्माची पक्की. वटपौर्णिमेला कॉलनीतल्या वडाला सगळ्यात जास्त फेरे हिचे. मी चिडवायचो, सात जन्म म्हणजे लय झालं, एखादा तरी सोड. ती म्हणायची, गप बसा, एकदा मागितलं ते मागितलं. पुढे धाकट्या लेकीच्या वेळच्या बाळंतपणानंतर ती जी अंथरुणाला खिळली ती उठेचना. शेजारी एक ख्रिस्ती नर्सबाई राहायच्या, त्या रोज येऊन तिच्या उशाशी प्रार्थना करायच्या. औषधानं म्हणा, प्रार्थनेनं म्हणा, सुमन उठली, आणि उठली ती थेट त्यांच्या प्रार्थनेला जायला लागली. मी आड आलो नाही. बायको जिवंत होती, मला तेवढं पुरे होतं.

पण त्या वर्षी वटपौर्णिमा आली आणि ती घरातून हललीच नाही. कॉलनीतल्या बायका ताटं घेऊन निघाल्या, ही आपली गहू निवडत बसलेली. इतकी वर्षं चेष्टा करणारा मी, पण त्या दिवशी जेवण तसंच टाकून तिच्यासमोर जाऊन बसलो. शेवटी विचारलंच, आता मी नको का झालो? तिनं सूप बाजूला ठेवलं.

"सात कशाला मोजीत बसायचे?" ती म्हणाली. "तिथं सरतच न्हाई, कायमचंच हाय. पर तुमी आला न्हाईत तर मी एकलीच काय करू तिथं?"

तेव्हापासून तिनं माझा पिच्छा पुरवला. प्रभू परत येणार, तुतारी वाजणार, मेलेले आधी उठणार, मग जिते वर उचलले जाणार, नंतर न्याय, आणि ज्यांचं नाव तिथल्या पुस्तकात नाही ते आगीच्या तळ्यात. भाजी चिरताना, कपडे वाळत घालताना, तिचं हेच चालू. धरणाचे दरवाजे उघडण्याआधी नदीकाठच्या लोकांना सावध करायला भोंगा वाजतो, तो वाजला की सुमन दारात येऊन आभाळाकडं बघायची. मी म्हणायचो, अगं बाई, प्रभू न्हाई, साहेब पाणी सोडायलेत. ती हसायची, पण आभाळ बघून झाल्यावरच आत जायची. बातम्यांत लढाई दिसली, कुठं भूकंप झाला, की रात्रीच्या जेवणात त्याची चर्चा ठरलेली. मला त्यातलं काही पटत नव्हतं. पटलं ते एकच, की ही पुढे निघून जाणार आणि मी मागे राहणार.

म्हणून मी बाप्तिस्मा घ्यायला पूर्णा नदीच्या पाण्यात उतरलो. तिच्या चर्चच्या पास्टरांनी बुडवून वर काढलं तेव्हा काठावर सुमन रडत होती, आणि मला वाटलं, आनंदानं रडते आहे. माझ्या थोरल्या भावानं त्या दिवसापासून माझं नाव टाकलं. वर्षभरात आई गेली. मी गावी धावत गेलो तर भावानं मला तिरडीला हात लावू दिला नाही. चार हात लांबून आईला जाताना पाहिलं. परत आल्यावर सुमननं माझे पाय चेपले आणि म्हणाली, सोसा थोडं, आपलं कायमचं झालंय ना. मी सोसलं.

ती गेल्यावर महिन्याभरानं घरी स्मरणाची प्रार्थना ठेवली होती. चहा पिताना मी पास्टरांना गमतीनंच विचारलं, तिथं आम्हा दोघांना मिळून एकच खोली मिळेल ना? पास्टरांनी कप खाली ठेवला. मग हळूहळू समजावून सांगितलं, की पुनरुत्थानानंतर कुणी कुणाचा नवरा नाही, कुणी कुणाची बायको नाही. प्रभूनंच तसं सांगितलंय. सगळे देवदूतांसारखे. ओळख राहील, नातं राहणार नाही. मी म्हणालो, मग बिचाऱ्या सुमनचा समज चुकीचा होता म्हणायचा.

माणूस खोटं न बोलणारा. "न्हाई काका," ते म्हणाले, "काकूंना माहीत होतं. तुमच्या बाप्तिस्म्याच्या आधीच त्यांनी विचारलं होतं मला. मी खरं ते सांगितलं. मग म्हणल्या, हे त्यांना सांगू नका, न्हाईतर ते येणार न्हाईत."

तिला मला आगीतून काढायचं होतं, त्यासाठी तिनं आपला नवरासुद्धा सोडून दिला, किती मोठं मन, असं मला चर्चच्या मंडळीतले लोक समजावतात. कळतं मला. तरी ही फसवणूकच आहे. मी आगीला भिऊन आलोच नव्हतो. मी भाऊ सोडला, आईचा खांदा सोडला, तो या बाईसाठी. तिनं खरं सांगून विचारलं असतं तर मी काय म्हणालो असतो, ते मलाही ठाऊक नाही. पण विचारायला तर हवं होतं. आणि मरताना तरी? दारात थांबवून, जवळ बोलावून पुन्हा तेच सांगितलं, की गाठ पडतीच... सात जन्म हातात होते माझ्या. ते घेतले आणि बदल्यात काय दिलं?

रविवारी मी अजून चर्चला जातो. लोकांना वाटतं, म्हातारा विश्वासात टिकला. आयसीयूत नेताना नर्सनं सुमनच्या गळ्यातून उतरवलेलं मंगळसूत्र माझ्या सदऱ्याच्या खिशात असतं. मंडळीतल्या एक-दोन बायकांनी तिला ते काढून टाकायचं सुचवून पाहिलं होतं, पण काळे मणी तिनं शेवटपर्यंत सोडले नाहीत. का सोडले नाहीत, हे आता कुणाला विचारू? परवा लेक म्हणाली, पप्पा, घरात ठेवा, कुठंतरी पडेल. मी तिला बजावून सांगितलं, की मला पुरताना हे माझ्या खिशात असू दे, मी तिथं तुझ्या आईच्या हातात देणार आहे. लेक घुटमळली. तिथं हे चालत नाही म्हणतात, म्हणाली.

"चालत नसलं तर तिनं सांगावं," मी म्हणालो. "या वेळी माझ्या तोंडावर सांगावं."