काकींची फुटणारी भाकरी

परवा खांदेश्वरच्या घरी माझ्याकडून तव्यावर ज्वारीची भाकरी करपली आणि त्या वासासरशी मी थेट कोपरखैरण्याच्या गावठाणातल्या भाड्याच्या खोलीत जाऊन पोचले.

एम.एस्सी.चा पहिलाच महिना होता. मी लातूरकडची. गावच्या कॉलेजात सगळं मराठीतून समजावलेलं. इथे सरांचं इंग्रजी डोक्यावरून जायचं, लॅबमध्ये हात थरथरून काचेच्या नळ्या फुटायच्या आणि घरी फोनवर मात्र मी ‘मस्त चाललंय’ म्हणायचे. एका संध्याकाळी मी बॅग भरली. परत यायचंच नव्हतं.

जिना उतरले, तर घरमालकीण काकी दारातच परात घेऊन बसलेल्या.

“कुटं चाललीस गो?”

“घरी. मला नाही जमणार इथं.”

“जाशील. आदी ही तुमची भाकरी दाव. मना जमत नाय.”

ज्वारीचं पीठ त्यांनी माझ्यासाठीच दळून आणलं होतं. तांदळाची भाकरी थापतात तशी त्या ती तळहातांवर थापायला गेल्या आणि तिचे तुकडे पडले. मी बॅग खाली ठेवली. पीठ चांगलं मळून परातीत भाकरी थापली. महिनाभरात पहिल्यांदाच माझे हात थरथरले नाहीत. भाकरी टम्म फुगली आणि मी हमसून हमसून रडले.

“उद्या परत दाव,” काकी म्हणाल्या.

मग डिग्री हातात पडेपर्यंत त्यांची भाकरी फुटतच राहिली आणि मी दाखवतच राहिले. परवा करपलेली भाकरी उतरवताना कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जन्मभर भाकऱ्या थापलेल्या बाईला एक भाकरी शिकायला दोन वर्षं लागतात होय?