सीताफळवाल्याची वाचनवही

"दाबू नका. बघा नुसतं."

गाड्यावरच्या सीताफळाकडं कुणाचा अंगठा निघाला, की चाचांचा तळहात मधे यायचा. माणसाला ते हात लावायचे नाहीत, नुसता तळहात फळावर छत्रीसारखा धरायचे. "कावून दाबता? दाबल्यालं फळ पिकत न्हाई, सडतं. डोळे उघडले की त्याचं तेच सांगतंय." सीताफळाच्या खवल्यांमधल्या खाचा रुंद होऊन पिवळसर पांढऱ्या झाल्या, की आमच्याकडं त्याला डोळे उघडले म्हणतात. चाचा हेच माणसांबद्दलही म्हणायचे. गावात कुणी नवा साहेब आला, कुणाचा जावई आला, की ते दुरूनच बघून सांगायचे, "अजून डोळे उघडायचेत."

असा एक तरी माणूस तुमच्याही स्टँडावर असेल. गाडी लेट असल्याशिवाय तो दिसत नाही. माझी गाडी रोज लेट असायची, म्हणून मला चाचा दिसले.

मी वडवणीच्या शाळेत मास्तर, राहायला बीडला. शाळा सुटली की स्टँडाबाहेरच्या लिंबाखाली चाचांच्या गाड्यापाशी येऊन बसायचं. उलटी ठेवलेली क्रेट ही माझी जागा. बीडच्या गाडीची वाट बघण्यात माझी निम्मी नोकरी गेली. उरलेल्या निम्म्या नोकरीत मी शिकवलं, असं मी म्हणतो, मुख्याध्यापक म्हणत नाहीत.

आता वहीचं सांगतो. सांगताना हसू येतं, पण तेव्हा मी गंभीर होतो.

मला एकदा वाटलं, लोक वाचत नाहीत, कारण वाचलेलं लिहून ठेवायला त्यांच्याकडं नीट जागा नाही. म्हणून मी एक वही छापून घेतली. नाव 'माझी वाचनवही'. प्रत्येक पानावर ठरलेल्या ओळी आणि पुढं रिकामी जागा. पुस्तकाचं नाव. लेखक. एकूण पानं. कुठं थांबलो. लक्षात राहिलेलं वाक्य. आणि सगळ्यात खाली, पुन्हा वाचणार का? हा शेवटचा प्रश्न सुचला त्या दिवशी मी घरात येरझारा घातल्या होत्या. बायको म्हणाली, "आधी वाचणारे शोधा, मग वह्या छापा." मी म्हणालो, तुला दृष्टी नाही. वह्या आल्या त्या थेट माळ्यावर गेल्या. घरात तिनं एक वापरायला काढली आणि तीत गॅसच्या टाक्या लिहायला लागली. टाकी कधी लावली, कुठं थांबली. पुन्हा वाचणार का, याच्यापुढं ती दर वेळी टाकी पुन्हा नोंदवल्याची खूण करायची. तोवर माझी वही कुणी शेवटपर्यंत भरलेली मी पाहिली ती तीच.

एक दिवस माळ्याची अडचण झाली म्हणून मी त्यातल्या पाच-सहा वह्या चाचांना नेऊन दिल्या. म्हटलं, "फळं बांधायला होतील."

चाचांनी एक उघडली. अंगठा मुडपून, फळाला लावतात तसा बोटाचा मऊ भाग पानावरून फिरवला.

"कोरी वही फाडायची? हात झडंल माझा. काय लिवतेत हिच्यात?"

"वाचलेल्या पुस्तकांबद्दल."

"पुस्तक मी चौथीत सोडलं, सर." त्यांनी मान स्टँडाकडं वळवली. बीडची एक गाडी लागली होती, आमची नव्हे, दुसरी. माणसं उतरत होती, चढत होती, धुळीत विरघळत होती. "माणसं वाचतो मी. ती चालंल का?"

मी चेष्टेत म्हणालो, "चालंल की. पण सगळ्या ओळी भरायच्या." त्यांनी एक वही ठेवून घेतली, बाकीच्या माझ्या पिशवीत परत घातल्या.

मास्तरानं चेष्टेत दिलेला गृहपाठ कुणी मनावर घेतल्याचं माझ्या आयुष्यातलं ते एकच उदाहरण.

त्यानंतर रोज मी क्रेटवर टेकलो, की ते तराजूखालून वही काढायचे. "बसा सर. आज एक लई जाड माणूस वाचला." जाड म्हणजे अंगानं नव्हे. एक वर्ष एक पान, हा हिशेब त्यांनी परस्पर ठरवला होता. लेखक म्हणजे ज्यानं त्या माणसाला घडवलं तो. बाकी ओळी जशाच्या तशा. अक्षर मोठं, ओळीच्या वर तरंगणारं, पेन्सिलीचं.

क्लासला बीडला जाणारी एक मुलगी होती. तिच्या पानावर: 'पानं अठरा. लेखक तिची तीच. लक्षात राहिलेलं वाक्य, मला खिडकी नको, वाचताना लक्ष जातंय.' धारूरच्या गाडीचा कंडक्टर: 'लेखक सावत्र आई. पण बांधणी मजबूत.' एका पुढाऱ्याचं पान त्यांनी मला वहीवर टोपी आडवी धरून दाखवलं. 'कव्हर लई भारी. आत सगळी जाहिरात. पुन्हा वाचणार का? पाच वर्षांनी.'

आणि चिंचवणकडची एक म्हातारी, जी कुठलीही गाडी न पकडता दुपारभर बाकावर बसून परत जायची, तिच्याबद्दल एवढंच: 'पानं मोजता आली न्हाईत. काही चिकटल्यात. ओढली न्हाईत.'

असं वाचून झालं की मी समोरच्या गर्दीकडं बघत बसायचो. दुपार उतरत असायची. सीताफळांचा तो गोड, किंचित आंबूस वास, लिंबाची हलती सावली, लाऊडस्पीकरवर कुठल्यातरी गावाचं नाव, जे कधीच नीट ऐकू यायचं नाही. मला वाटायचं, समोरून जाणारी ही सगळी माणसं कुणीतरी कपाटातून काढून क्षणभर उन्हात ठेवलीत.

माझं पान बघायची मला अर्थातच घाई होती. एकदा ते फळ तोलत असताना मी चोरून बघितलं. 'सर. पानं बावन्न. लेखक बायको, दुरुस्ती चालू.' इथवर ठीक होतं. पुढं होतं, 'लक्षात राहिलेलं वाक्य, एकच गोष्ट पाच येळा, दर येळी येगळी.' हेही खरं. घरच्या माणसांच्या गोष्टी रंगवून सांगायची मला खोड आहे. पण 'कुठं थांबलो' याच्यापुढं त्यांनी लिहिलं होतं, 'आईच्या गोष्टीपाशी. तिथं सर लवकर हसतेत.'

त्या दिवशी गाडीत मी खिडकीशी बसलो आणि बीड येईपर्यंत कुणाला काही सांगितलं नाही.

वहीचं पहिलं पान मात्र ते कधी वाचून दाखवायचे नाहीत. ते मी हळूहळू, तुकड्यातुकड्यांनी जमवलं. त्यावर नाव होतं 'धाकटा'. त्यांचा सख्खा भाऊ. धारूरला किल्ल्याच्या रस्त्यावर त्याचं मोटारसायकलींचं गॅरेज होतं. चाचा मूळचे तिथलेच, वडवणी त्यांची सासुरवाडी. धारूरच्या घरापुढं त्यांच्या आईनं लावलेलं सीताफळाचं झाड होतं. आई गेल्यावर धाकट्यानं ते तोडलं आणि गॅरेजची शेड वाढवली.

"विचारलं न्हाई," चाचा म्हणायचे. "तोडायला हरकत नव्हती. विचारायचं व्हतं."

अकरा वर्षं दोघं बोलले नव्हते. धारूरची गाडी दिवसातून कितीतरी वेळा चाचांच्या गाड्याला धूळ लावून जायची. चाचा धूळ पुसायचे आणि गाडीत चढायचे नाहीत. त्या पानावर सगळ्या ओळी भरलेल्या होत्या. कुठं थांबलो, याच्यापुढं 'झाडापाशी'. फक्त शेवटची जागा कोरी. पुन्हा वाचणार का?

मी विचारायचो, "चाचा, हे राहिलं की."

"त्याचे डोळे उघडायचेत अजून."

"कुणाचे? धाकट्याचे का तुमचे?"

"पानाचे," ते म्हणायचे आणि फळांवर पाणी शिंपडायला लागायचे.

आता माझ्या मूर्खपणाची गोष्ट. तीस वर्षं मी उत्तरपत्रिका तपासतोय. रिकामी जागा दिसली की हात शिवशिवतो. एक दिवस चाचा असरच्या, म्हणजे उतरत्या दुपारच्या नमाजाला गेले, गाडा माझ्यावर सोपवून. वही तराजूखाली होती, पेन्सिल वहीत होती. मी पहिलं पान उघडलं आणि शेवटच्या ओळीपुढं लिहिलं, 'हो.' मला वाटलं, दोन भावांमधलं अंतर एका अक्षराचंच आहे आणि मी मराठीचा मास्तर.

चाचा आले. वही उघडीच होती. त्यांनी पान बघितलं. मग हात पुढं केला.

"सर, रबर असंल तुमच्याकडं."

होतं. माझ्याच पिशवीतलं रबर मी त्यांना काढून दिलं. त्यांनी ते अक्षर सावकाश खोडलं, कागदाला दुखणार नाही असं. चुरा फुंकला. रबर मला परत दिलं.

"दाबलं तुमी," एवढंच म्हणाले.

आठवडाभर ते मला "बसा" म्हणत राहिले, पण वही काढली नाही. मी क्रेटवर बसायचो आणि गाडी वेळेवर यावी अशी आयुष्यात पहिल्यांदा इच्छा करायचो. मेली गाडी तेव्हाही लेटच.

मग ती दुपार. धारूरकडून आलेली गाडी थांबली आणि तो मजबूत बांधणीचा कंडक्टर शिट्टी हातात धरून धावत आला.

"चाचा, तुमच्या धाकट्याला लकवा मारलाय. चार दिस झाले. तोंड वाकडं, बोली गेली पार."

चाचांच्या हातात एक फळ होतं. ते त्यांनी जागेवर ठेवलं, बाकीच्यांच्या ओळीत, देठ वर करून.

मी म्हणालो, "फोन लावू का?" आणि म्हणतानाच कळलं की बोली गेलेल्या माणसाला फोन लावायला निघालोय.

"फोनवर वाचता येत न्हाई, सर."

धारूरला जाणारी गाडी आली, गेली. चाचा उठले नाहीत. माझी बीडची गाडी आली, मीही उठलो नाही. काही बोलायची हिंमत नव्हती, एकदा दाबून झालं होतं. दुसरी धारूर आली. तिची धूळ बसेपर्यंत ते बघत राहिले. ऊन गाड्याच्या चाकापर्यंत उतरलं होतं. मला वाटलं, हा माणूस आता इथंच बसणार आणि ती जागा कोरीच राहणार. आणि माझ्या खोडलेल्या 'हो'चा त्यात वाटा असणार.

तिसरी गाडी दिसली तेव्हा चाचांनी टोपली ओढली आणि फळं वेचायला लागले. पण ते पिकलेली बाजूला सारत होते आणि दगडासारखी टणक, हिरवी, डोळे मिटलेली तेवढी टोपलीत ठेवत होते.

"चाचा, ही कच्ची आहेत. आजाऱ्याला पिकलेली न्या."

"पिकल्याली नेली तर खाऊ घालून संध्याकाळी माघारी यावं लागंल." त्यांनी टोपलीत गवत दाबलं. "ही पिकंस्तवर थांबायला तर मिळंल."

वही काखेत, टोपली डोक्यावर. कंडक्टरनं दार धरलं. पायरीवरून वळून म्हणाले, "सर, गाडा झाका. उघडे डोळे तुमी घरी न्या."

त्या दिवशी मी घरी सीताफळांच्या दोन पिशव्या घेऊन गेलो. बायको म्हणाली, "एवढी?" मी तिला सगळं सांगितलं. पहिल्यांदाच एकही गोष्ट न रंगवता.

फळं पिकायला चार-पाच दिवस लागतात. चाचा आले नाहीत. हंगाम संपला, पुढं टरबुजं आली, आंबे आले. गाडा त्यांच्या जावयानं एके दिवशी ओढून नेला. लिंबाखाली चार चाकांचे खळगे राहिले, पावसाळ्यात त्यांत पाणी साठलं. मी क्रेटवर बसायचो, ती मात्र कुणी हलवली नाही. धारूर काही फार लांब नाही. जायचं जायचं म्हणत मी गेलो नाही, यात नवल करू नका. सांगणारी माणसं जात नसतात.

यंदा पहिली सीताफळं बाजारात आली त्याच आठवड्यात कंडक्टरनं मला हाक मारली आणि खिडकीतून एक पुडकं दिलं. गमज्यात बांधलेली वही. कोपरे गोल झालेले, पानांना ग्रीसचा वास.

पहिलं पान उघडलं. शेवटच्या ओळीपुढं अजून कोरंच होतं. उजेडाकडं तिरकं धरलं तर माझ्या 'हो'चा खळगा तेवढा दिसायचा.

पण मागं, जिथं स्टँडावरची माणसं संपली होती, तिथून पुढं प्रत्येक पानावर एकच नाव होतं. धाकटा. धाकटा. धाकटा. एका दिवसाला एक पान. 'आज डाव्या हातानं पाणी पिला.' 'अक्षर बिघडलंय, वाचायला येळ लागायलाय.' 'आज हासला. कशाला ते कळलं न्हाई. मी बी हासलो.' 'सीताफळ भरवलं. बिया मी काढल्या. एक बी तोंडात राहिली, ती त्यानं माझ्या हातावर ठिवली.' एका पानावर नुसतं, 'रडला. इथं थांबलो.'

शेवटच्या पानापाशी माझी गाडी येऊन उभी राहिली होती. मी तिच्याकडं बघितलं नाही.

'नाव: धाकटा.

लक्षात राहिलेलं वाक्य: दारात बी रुजलंय तिकडं बोट करून म्हनला, झाड. साफ म्हनला.

पुन्हा वाचणार का?: सर, वही संपली. दुसरी द्या.'

घरी गेल्या गेल्या मी माळ्यावर चढायला स्टूल शोधू लागलो. बायकोनं आधी वही वाचली, उभ्या उभ्या, पदराला हात पुसत. मग स्टूल तिनंच आणून धरलं.

"एक नका काढू," खालून ती म्हणाली. "दोन-तीन काढा."