पाच देशांचा आराखडा

मला बूड टेकून बसता येत नाही. हे मला आईपासून शाळेच्या शिपायापर्यंत सगळ्यांनी सांगून झालं आहे. तेहतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं, तेही वर्गात येरझाऱ्या घालतच. निवृत्त झालो आणि येरझाऱ्या घालायला वर्ग उरला नाही. सेनगावच्या आमच्या तीन खोल्यांच्या घरात मी सकाळपासून अंगण, फाटक, गच्ची, पुन्हा अंगण असा फिरत असतो. बायको तूर निवडता निवडता म्हणते, "बसा की हो एका जागी. बघूनच चक्कर येऊन राहिली मला."

त्यात गेल्या हिवाळ्यात पोराचा फोन आला. तो जर्मनीत नोकरीला आहे, चार वर्षं झाली. म्हणाला, "बाबा, उन्हाळ्यात तुम्ही दोघं या. आपण कॅम्परव्हॅन भाड्यानं घेऊ. गाडीतच पलंग, शेगडी, पाण्याची टाकी, छोटा संडाससुद्धा. चौदा दिवसांत पाच देश. घर सोबत घेऊन फिरायचं."

जर्मनी, ऑस्ट्रिया, स्लोव्हेनिया, इटली, स्वित्झर्लंड. फोन ठेवला तेव्हा मी गच्चीवर होतो. कधी चढलो ते आठवत नाही.

भूगोल हा माझा जीव की प्राण. आल्प्स पर्वत मी फळ्यावर इतक्या वेळा काढलाय की डोळे मिटून काढीन. पण प्रत्यक्ष पाहिलेले डोंगर म्हणाल तर औंढ्याच्या आसपासचे. जन्मभर मुलांना जगाचा नकाशा दाखवला आणि स्वतः नांदेड, संभाजीनगरच्या पलीकडे दोनदा गेलो, दोन्ही वेळा प्रशिक्षणाला. याची मला चीड होती. ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती, म्हणून मी पायांनी काढत होतो.

जुन्या कॅलेंडरची पानं उलटी करून खळीनं जोडली आणि बैठकीच्या भिंतीवर आराखडा लावला. निळ्या पेनानं तळी, तपकिरी पेनानं डोंगर, लाल पेनानं रस्ता. एक रात्र एक मुक्काम. सकाळी चहा एका देशात आणि दुपारचं जेवण दुसऱ्यात, असं एका दिवशी जमत होतं. त्या दिवसावर मी तर भलताच खूश होतो. दर दोन दिवसांनी रस्ता बदलायचो, कागद चिकटवायचो, पुन्हा खोडायचो. स्टँडजवळच्या हॉटेलात चहा पिताना हिंगोलीच्या जीपवाल्याला सगळं समजावून सांगितलं. तो नीट ऐकून घेऊन म्हणाला, "गुरुजी, सगळं बराबर हाय. पन ज्या गाडीत झोपायचं त्याच गाडीत संडास, हे न्हाई पटलं." मी त्याच्यावर चिडलो. मला तेव्हा कुणीही काही विचारलेलं चालत नव्हतं.

राहिली बायको. ती हो म्हणत नव्हती आणि नाहीही म्हणत नव्हती. पोराला व्हिसासाठी मुक्कामाची ठिकाणं लिहून द्यायची होती, तीही एप्रिल संपायच्या आत, आणि हिचा होकार काही येईना. हिच्याशिवाय जाण्यात मला राम वाटत नव्हता. खरं सांगायचं तर भीतीही वाटत होती. मी घरात पातेलं शोधायला गेलो तरी हिला हाक मारतो.

इथं मला एक सांगितलं पाहिजे. आमची दोन्ही घराणी मेंढरंवाल्यांची. पण माझ्या वडिलांनी मेंढरं विकून शेती धरली, मला वसतिगृहात घातलं, आणि मी मेंढरांच्या मागे एक दिवसही चाललो नाही. हिचं माहेर औंढ्याकडचं. लग्न होईपर्यंत, म्हणजे वयाची अठरा वर्षं, ही दर साल दिवाळीनंतर आईबापांसोबत मेंढरं घेऊन बाहेर पडायची. घोड्यावर बिऱ्हाड, मागे मेंढरं, आज या शिवारात तर परवा त्या. पावसाळ्याच्या तोंडी परत. मला तिच्या त्या लहानपणाचा हेवा वाटायचा. मी वसतिगृहाच्या खिडकीत बसून नद्यांची नावं पाठ करत होतो तेव्हा ही त्या नद्या तुडवत होती.

म्हणून माझा असा पक्का समज होता की ही सफर हिच्यासाठीच आहे. घर सोबत घेऊन फिरायचं, ते हिच्या रक्तातच आहे. जो भेटेल त्याला मी सांगत सुटलो, "आम्हाला काय नवीन आहे? आमची बायको यात मुरलेली आहे." आराखड्यात एका कोपऱ्यात मी कामांची वाटणीही लिहिली होती. पोराकडे गाडी चालवणं, माझ्याकडे नकाशा, हिच्याकडे स्वयंपाक, पाणी आणि आवराआवर. वाटलं, माहेरी गेल्यासारखं वाटेल हिला.

मार्चमधल्या एका सकाळी मी तिला आराखड्यासमोर उभं केलं आणि पट्टी घेऊन एकेक मुक्काम समजावला. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मग पहिल्या तळ्यावर बोट ठेवून विचारलं, "हितं पुढं जाऊन कोन बघून आलं?"

मला आधी कळलंच नाही. मग वडिलांकडून ऐकलेलं आठवलं. मेंढरं हलवायच्या आदल्या दिवशी एक जाणता माणूस पुढं जातो. पाणी कुठं, चारा किती, शेत कुणाचं, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघतो. शेतमालक मेंढरं शेतात बसवून घ्यायला तयार असतो, कारण रात्रीतून लेंडीखत पडतं. मालक किती रात्री बसू देणार याचा हा माणूस त्याच्याकडून शब्द घेतो, आणि मगच बिऱ्हाड हलतं. कुणी न बघितलेल्या जागी कळप नेत नाहीत.

"अगं, फोनवर फोटो आहेत ना त्या जागेचे," मी म्हणालो.

"फोटोतलं पानी पेता येतं व्हय?" ती म्हणाली. "अन् शेत कोनाचं हाय?"

"शेत नाही, तळं आहे. तळ्याकाठी गाडी लावायची आणि झोपायचं."

"कोनाला इचारून?"

मी हसण्यावारी नेलं, पण पोराला फोन करून विचारलं, आणि तोंडघशी पडलो. तिथल्या बऱ्याच देशांत वाटेल तिथं गाडी लावून रात्र काढता येत नाही. कॅम्पिंगच्या ठरलेल्या जागा असतात, तिथं आधी नोंदणी करायची, नाहीतर पोलीस येऊन उठवतात. माझे चौदापैकी नऊ मुक्काम बेकायदा निघाले. युरोपातल्या नऊ तळ्यांकाठी मी परक्याच्या रानात बिऱ्हाड टाकून बसलो होतो, आणि जिची शाळा धड झाली नव्हती तिनं एका प्रश्नात ते ओळखलं होतं. याचं कौतुक वाटायला हवं होतं. मला संताप आला.

मी सगळे मुक्काम नव्यानं काढले. नवा आराखडा लावला आणि म्हणालो, "घे. आता सगळीकडे परवानगी. आता तरी बोल."

ती म्हणाली, "रोज सकाळी उठून भांडी बांधायची?"

"बांधायची काय, कपाटात ठेवायची."

"रोज नव्या जागी पानी बघायचं, आंघोळीची जागा बघायची. चौदा येळा."

तेव्हा माझा तोल गेला. मी म्हणालो, "जन्म रस्त्यात गेला तुझा, आणि आता तुला रस्त्याची भीती वाटायला लागली?"

"भीती न्हाई," ती म्हणाली. "कंटाळा हाय." आणि केरसुणी घेऊन उंबरा झाडायला लागली.

त्यानंतर चार दिवस आमच्यात मिठापुरतंच बोलणं झालं. मी एकटा जाईन, असं मी भिंतीकडे बघून जाहीर केलं. "जावा की," असं उत्तर आतून आलं. मी तावातावानं एसटीत बसून औंढ्याला गेलो, देवळासमोर एक चहा घेतला आणि पुढच्याच गाडीनं परत आलो. काय करायला गेलो होतो ते मलाही सांगता आलं नसतं. या बाईनं एकही डोंगर बघितला नाही तरी तिचं काही अडत नाही, आणि माझं सगळंच अडलंय, याचा मला राग येत होता. एकटं जायची भीती होती ती वेगळीच.

पोराला मी सगळं सांगितलं होतं, आई पुढं जाऊन कोण बघून आलं म्हणते, हेसुद्धा. तक्रार म्हणून सांगितलं होतं. एप्रिलमधल्या एका रविवारी दुपारी त्याचा व्हिडिओ कॉल आला. स्वेटर घालून तो एका तळ्याकाठी उभा होता, मागे बर्फाचे डोंगर. आमच्याकडे कूलर घरघरत होता.

"आई, मी पुढं जाऊन बघून राहिलो बघ," तो म्हणाला. "ऑस्ट्रिया. आपला पहिला मुक्काम."

ती पदर सावरून फोनजवळ आली. त्यानं तिला नळ दाखवला, सोडून पाणी दाखवलं. बाथरूम दाखवलं, आतून कडी लागते तेही लावून दाखवलं. भांडी घासायचा ओटा दाखवला. मी बाजूनं डोकावून डोंगर बघायचा प्रयत्न करत होतो, आणि ही प्रत्येक वेळी फोन स्वतःकडे वळवून घेत होती. मग त्यानं जागेच्या मालकिणीला बोलावलं. पांढऱ्या केसांची, माझ्या बायकोपेक्षा वयानं मोठी बाई. तिनं हात हलवला. बायकोनं हात जोडले.

"इचार तिला," ती पोराला म्हणाली, "हितं किती रात्री ऱ्हाऊ देतीस?"

पोरानं विचारलं. म्हातारी हसून काहीतरी म्हणाली. "आई, ती म्हणते, कितीही राहा. काही लोक सगळा उन्हाळा राहतात."

"मधीच कुनी उठा म्हननार न्हाई ना?"

"आई, कशाला कुणी उठा म्हणेल? असं काहून विचारतेस?"

ती सहज, भाजीचा भाव सांगावा तसं बोलली. "आरं, पयलीत मी चार येळा बसले. ज्या गावात तळ पडंल तिथल्या शाळेत बाबा नाव घालायचे. पाटी मिळायची, बाई नाव इचारायच्या, अन् आठ-पंध्रा दिसांत बिऱ्हाड उठायचं. चारी येळा अ पासूनच. मग माझं मीच म्हनलं, आता नगं."

पस्तीस वर्षांच्या संसारात हे मला माहीत नव्हतं, कारण मी विचारलं नव्हतं. पण त्याहून वाईट दुसरंच होतं. तेहतीस वर्षं वर्गाची हजेरी मी घेतली. मेंढरांमागची मुलं दर साल यायची, पाटी कोरी असतानाच निघून जायची, आणि महिनाअखेर मी लाल शाईनं त्यांच्या नावापुढे लिहायचो, 'सतत गैरहजर'. सुवाच्य अक्षरात. एकदाही उठून बघायला गेलो नाही की पोरं गेली कुठं. जागेवर न बसणारा मी, तेवढ्यासाठी मात्र खुर्चीतून हललो नाही.

मी फोन हातात घेतला. डोंगर समोरच होते, पण माझं तिकडे लक्ष लागेना. म्हणालो, "त्या बाईंना सांग, चौदा रात्री. सगळ्या इथंच."

"बाबा, आणि बाकीचे देश?"

"राहू दे ते."

खोटं कशाला सांगू, चार देश एका वाक्यात गेले होते, आणि मला वाईट वाटत होतं, आणि वाईट वाटल्याची लाजही वाटत होती. बायको माझ्या तोंडाकडे बघत होती. इतक्या वर्षांत माझ्या चेहऱ्यावरचं तिला न वाचता आलेलं असं काही राहिलेलं नाही.

"गाडी ऱ्हाऊ द्या तिथंच," ती म्हणाली. "तिकडंबी एसटी असंलच की. तुमी सकाळी भाकर बांधून घ्या अन् जा कुठं जायचं तिथं, सगळे देश बघून या. संध्याकाळी या परत. मी असते तिथंच."