बाईंचं द्रावण आणि माझं तेल

खरं सांगू? त्या बाईंचा मला अस्सा राग यायचा की विचारू नका. आणि त्यांनी माझं वाईट काय केलं? तर आमच्या ह्यांचे हात बरे केले!

हे सिमेंटच्या कारखान्यात ऑपरेटर. धुराड्यातला धूर एका उंच टाकीत घ्यायचा, वरून द्रावणाची धार सोडायची, की धुरातला कार्बन डायऑक्साइड त्यात अडकतो. मग ते तापवून वायू वेगळा काढायचा आणि तेच द्रावण पुन्हा वर चढवायचं. लग्नाआधीपासून ह्यांचं हेच काम. पण ते जुनं द्रावण महाजहाल! गाळण्या बदलताना हातमोज्यांतसुद्धा थेंब शिरायचे. कपड्यांना कुजक्या मासळीचा वास, बोटांना ह्या एवढाल्या भेगा. शेजारीण जिन्यात नाक मुरडायची.

स्वभावानं हे घुमे. लग्नात फोटोवाला "हसा" म्हणाला, तर ह्यांनी नुसती मान डोलावली. पण संध्याकाळी जेवणं आटपली की मी वाटीत तेल कोमट करायची, हे हात पुढे करून बसायचे, आणि मग दिवसभरातलं सगळं हळूहळू बाहेर पडायचं. तेवढा वेळ हे माझे असायचे, कारखान्याचे नाही, सासूबाईंचे नाही.

मग प्रयोगशाळेत ह्या बाई आल्या. कोंबड्यांच्या खाद्यात घालतात तसला एक क्षार आणि ग्लिसरीन मिसळून त्यांनी नवं द्रावण केलं. वास नाही, जळजळ नाही, सांडलं तर फडक्यानं पुसा. झालं! घरात उठता-बसता बाईपुराण. "बाई म्हणतात, थंडीत घट्ट होतं, मग थोडं पाणी घालायचं." घुमे म्हणे! माझा नुसता जळफळाट. ह्यांच्या भेगा भरत आल्या, तशी मी तेलाची वाटी फळीवर मागे सारली.

एकदा कुटुंबांना कारखाना दाखवायला बोलावलं. बाईंनी सगळ्यांदेखत भांड्यात हात बुडवला. काकवीसारखं दाट होतं ते.

"वहिनी, तुम्हीही बघा ना!"

बुडवला. म्हटलं, पुरळ येऊ दे एकदा, मग बघते. कसलं काय! मेला हात मऊसूत झाला.

त्या संध्याकाळी मी मुद्दाम पाठ फिरवून भांडी घासत होते. वळून बघते तर हे हात पुढे करून बसलेले.

"आता काय चोळायचं? बाईंनी बरे केलेत की!"

"म्हणून तर. आता झोंबणार नाही."

"झोंबणार नाही म्हणजे?"

"भेगांत तेल गेलं की चरचरायचं गं."

तेल लावताना ह्यांचे डोळे भरून यायचे. मला वाटायचं, त्या मेल्या द्रावणाची वाफ बाधली असेल.

"अहो, मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"बोललो असतो, तर तू हात सोडला असतास."

मी वाटी काढायला उठले. माझं तेल ह्यांना झोंबायचं, एवढं मात्र त्या बाईंना कोणी सांगायचं नाही.