जाणार किती, येणार किती

"जाणार किती? येणार किती?" समोर गिऱ्हाईक बसलं की आमच्या काकांचा हा प्रश्न ठरलेला. नोएडातल्या आमच्या छोट्या ट्रॅव्हल ऑफिसात कोकणच्या सहलींचं टेबल त्यांच्याकडे होतं. हिंदीतही तेच विचारायचे, "जाएँगे कितने? आएँगे कितने?" नवरा-बायको एकमेकांकडे बघत. "अंकल, जितने जाएँगे उतने ही आएँगे ना!" मग ते शांतपणे आपल्या वहीत आकडा लिहीत.

सांगा, असा माणूस तुमच्या ऑफिसात असता तर तुम्ही काय केलं असतं? मी तर मुळातच संशयी. कामवाली दोन दिवस खुशीत दिसली तरी मी कपाट उघडून बघते. ऑफिस माझ्या ताब्यात, म्हणजे तक्रारीही माझ्याच वाट्याला. "आपके अंकल अपशकुन की बातें करते हैं," असं एकीनं मला तोंडावर सुनावलं होतं.

"काका, समुद्र विकायचाय आपल्याला. लोकांना घाबरवता काय?"

मालवणकडचा हा साठीचा माणूस नुसता हसला. "विकतोच आहे ना, ताई. भरतीची वेळ तेवढी सांगतो."

टेबलावर असलं बोलणं बंद, अशी मी ताकीदच दिली.

माझ्या मनात खरी पाल चुकचुकली ती पुढे. आमची जुनी गिऱ्हाइकं एकेक करून समोरच्या कंपनीकडे जायला लागली. आणि हे गृहस्थ वही घेऊन जिन्यात उभे, स्वतःच्या मोबाइलवर हळू आवाजात बोलतायत. मी दिसले की फोन खिशात.

"कोण होतं?"

"आपलंच गिऱ्हाईक, ताई. सहज."

सहज! आपलं गिऱ्हाईक, तर जिन्यात कशाला बोलायचं? नंबर विकतायत, असं मी मनाशी पक्कं केलं आणि मालकांच्या कानावर घातलं. मालकांनी त्यांना घरी बसवलं.

ते वाद घालतील असं वाटलं होतं. त्यांनी डबा आणि चष्म्याचं घर पिशवीत टाकलं आणि वही माझ्यापुढे ठेवली. "शेवटच्या पानावरचे गाझियाबादचे पाच जण रविवारी परत येतायत. तेवढा फोन करा, ताई."

चोरी पकडायची म्हणूनच मी ती वही उघडली. ओळीत नाव, फोन नंबर आणि पुढे: गेले पाच, आले पाच. गेले दोन, आले दोन. पानंच्या पानं तेच. लोक परतले की हा माणूस फोन करून फक्त माणसं मोजत होता. मीच बंदी घातली म्हणून जिन्यात जात होता.

पहिल्या पानावर एकच नोंद होती. गेले चार, आले तीन. खाली बारीक अक्षरात, 'भरतीची वेळ सांगायची राहिली.'

मला माझी लाज वाटली. अजून वाटते.

रविवारी संध्याकाळी मी गाझियाबादला फोन केला. "हाँ जी, पाँचों आ गए," बाई म्हणाली. "पर फोन तो अंकल करने वाले थे। उनकी तबीयत ठीक है ना?"

मग त्यांना फोन लावला. हॅलो नाही, नमस्कार नाही.

"किती आले?"

"पाचही आले, काका."

"बरं झालं," म्हणाले आणि फोन ठेवला.

मी वहीत 'आले पाच' लिहिलं. माफी मागायची राहिली.